बुधवार, दोन ते तीन

त्या माणसाला पहिल्या खेपेला मी माघारी लावलं. आज सांगताना ‘नाइलाज होता’ वगैरे म्हणता येईल, पण नाइलाज बिइलाज काही नव्हता. दार माझ्या हातात होतं. मी ते उघडलं नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाकडची. नगरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर रूम सांभाळायचे. हुद्दा प्रयोगशाळा सहाय्यक, वय सव्वीस, जीभ तिखट. सावेडीतून स्कूटरवर यायचे आणि दहाच्या ठोक्याला कुलूप काढायचे. रूममध्ये बारा कॉम्प्युटर, एक एसी, खिडक्यांना जाड निळे पडदे, आणि दाराबाहेर चपलांचं लोखंडी स्टँड. धूळ आत आली की मशीन बिघडतं अशी तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती, आणि नगरला धुळीचा तोटा कधीच नव्हता. त्यामुळे प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे देवघरात शिरावं तसे अनवाणी आत यायचे.

या चपलांचा आमच्या प्राचार्यांनी भलताच उपयोग करून घेतला होता. सर शिस्तीचे. व्हरांड्यातून फेरी मारताना ते आत डोकावायचेच नाहीत. स्टँडवरचे जोड मोजायचे, मग दाराशी टांगलेल्या रजिस्टरातली नावं मोजायचे. सात जोड आणि सहा नावं निघाली की माझी हजेरी घेतली जायची. आमचे शिपाईमामा या कामात त्यांचे पट्टशिष्य. कुठली चप्पल कुठल्या वर्गाची हेसुद्धा त्यांना ठाऊक असायचं.

बारापैकी एकाच कॉम्प्युटरला इंटरनेट होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, चित्रबित्र काही नाही. मोडेम किंचाळत किंचाळत फोन लावायचा, आणि तो फोन म्हणजे ऑफिसचीच लाइन. तिकडे हेडक्लार्कनी रिसीव्हर उचलला की इकडे आमचं जग बंद. ऑफिसच्या फोनवर मी स्वतः चिठ्ठी चिकटवली होती, ‘उचलण्यापूर्वी कॉम्प्युटर रूमला विचारावे’. कुणीही विचारायचं नाही. मी तणतणत जायचे, भांडायचे, परत येऊन पहिल्यापासून सुरू करायचे. नियम असा होता, इंटरनेट फक्त प्राध्यापक आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. बाहेरच्या माणसाला रूममध्ये पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. सायबर कॅफे पुण्यात निघालेत असं आम्ही ऐकून होतो. नगरात तरी माझ्या पाहण्यात एकही नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात तो आला. खाकी कपडे, पायात कारखान्याचे जाड बूट, नखांत काळं ग्रीस. देवळाली प्रवराकडचा, साखर कारखान्यात फिटर होता. मी दार हातभर उघडून उभी.

“मॅडम, हितं इंटरनेट हाय म्हनं.”

“आहे.”

“त्यात जगातली समदी माहिती असती म्हनं. आमच्या विंजनेर सायबांनी सांगितलं.”

“असते.”

त्याने खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली. “पुन्याच्या डाक्टरनी आजाराचं नाव लिवून दिलंय. शंका हाय म्हनले. रगताचा रिपोर्ट ममईहून यायचाय. तवर येवढं काय हाय ते बघून द्याल का? पोरीचं हाय.”

“कॉलेजचं ओळखपत्र आहे?”

“कारखान्याचं हाय.”

“ते चालत नाही. इथं बाहेरच्यांना परवानगी नाही.” आणि वर म्हटलं, “दार लावते हं, एसीची हवा जाते.”

हे वाक्य मी बोलले. तो “बरं” म्हणाला, चिठ्ठीची पुन्हा घडी घातली आणि गेला. मी आत येऊन चहा घेतला. मला त्याचं काहीही वाटलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

तो दुसऱ्यांदा आला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. या वेळी त्याने दार वाजवलं नाही. पायरीशी मुलीला घेऊन बसला होता. मुलगी बाराएक वर्षांची, दोन वेण्या, शाळेचाच फ्रॉक. शिपाईमामांनी कौतुकाने तिच्या हातावर काटेरी हलवा ठेवला. तिची ओंजळ अशी थरथरली की सगळा हलवा पायरीवर सांडला. ती वेचायला वाकली तर एक दाणा चिमटीत येईना. मी दारातून बघत होते. मी बाहेर पायरीवर आले.

बापाने सांगितलं ते असं. पोरीचं अक्षर शाळेत नंबर एक. फळ्यावरचा सुविचार रोज हीच लिहायची. आधी कावीळ झाली, ती बरी झाली. मग हळूहळू हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. बाई म्हणायच्या, अभ्यास टाळते. भावकीतले म्हणायचे, बाहेरचं आहे, कुणाला तरी दाखवा. हा पठ्ठ्या म्हणाला, दाखवीन तर डॉक्टरलाच. मुंबईचा रिपोर्ट एकदा हरवला, रक्त पुन्हा पाठवलं, आणि तो दुसराही यायचाच होता.

“म्हणजे तुम्ही मागं आला होता तेव्हापासून काहीच नाही?”

“काय न्हाई. अशक्त झालीय म्हून खायाला घालतो, येवढंच.”

दोन वाजायला आले होते. दोन ते तीन सर जेवायला घरी जायचे आणि ऑफिसात हेडक्लार्क डबा खाऊन टेबलावर डोकं टेकायचे. म्हणजे लाइन मोकळी. मी म्हटलं, “बूट काढा.” त्याने काढले. ते असले अगडबंब बूट स्टँडवर ठेवणं म्हणजे सरांना आमंत्रणच. मी ते उचलले, मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यात टाकले आणि खोकं टेबलाखाली ढकललं. मामांनी पाहिलं.

“मामा, तुम्ही काही पाहिलं नाही.”

“मला चष्मा लागलाय बाई,” मामा म्हणाले आणि पोरीला पाणी पाजायला घेऊन गेले.

त्या तासात मला एवढंच सापडलं की या आजाराच्या पेशंटांच्या घरच्या लोकांनी मिळून एक मंडळ काढलं आहे आणि ते ई-मेलने आलेल्या पत्रांना उत्तरं देतं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं. मुलीचं वय, कावीळ, हात, बोलणं, पुण्याच्या डॉक्टरची शंका. तो खुर्चीच्या कडेवर टेकून होता, जणू पूर्ण बसला तर खुर्चीला राग येईल. “आठ दिवसांनी या,” मी म्हटलं. “याच वेळेला. आणि गेटवर विचारलं तर सांगा, मॅडमचा भाऊ आहे.”

बरोबर आठव्या दिवशी पहिली पाळी करून तो तसाच एसटीने आला. बूट खोक्यात गेले. मोडेम दोनदा तुटला, मी दोनदा शिव्या घातल्या, तिसऱ्यांदा लागला. उत्तर आलेलं होतं. परदेशातल्या एका बाईचं. तिच्या मुलाला हाच आजार होता.

मी एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. या आजारात अंगातलं तांबं बाहेर पडत नाही, साठत राहतं. आधी यकृतात, मग मेंदूत. म्हणून कावीळ, म्हणून हात. औषध आहे, ते वेळेवर सुरू झालं तर पुष्कळ सुधारतं. रिपोर्टची वाट बघत बसू नका, मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसतं का ते बघायला सांगा. आणि आजपासून तांबं पोटात जाणं थांबवा. प्राण्यांचं यकृत खायला देऊ नका.

“यकृत म्हंजे?”

“कलेजी.”

“दर रव्वारी देतो,” तो म्हणाला. “ताकद याया पायजे म्हून.”

मी पुढचं वाचलं. ‘तुमच्या घरात पाण्याचे नळ तांब्याचे आहेत का? आमच्या जुन्या घरात होते. आम्हाला ते फार उशिरा कळलं.’ मला हसूच आलं. म्हटलं, “घ्या, या बाईला वाटतं आपल्याकडे तांब्याचे नळ असतात! आपले लोखंडाचे, तेही गंजलेले.”

तो हसला नाही. त्याचा चेहरा बघून माझंही हसू गेलं.

“नळ न्हाई, मॅडम. तांब्या हाय.”

“काय?”

“पिंप हाय तांब्याचं, आन् वर तांब्या. कावीळ झाली तवा वैद्यबुवांनी सांगितलं, तांब्यातलं शिळं पानी पोरीला उठल्या उठल्या द्या, लई चांगलं असतं. हिची आई चिंच लावून रोज घासती. आमी नुसतं स्टीलचं पितो, तांब्याचं हिच्यासाठीच ठिवतो.” मग त्याने घड्याळाकडे पाहिलं. “आत्ता साळंतून आली आसंल ती. आल्या आल्या त्यातलंच पिती.”

अरे देवा! माझ्याच घरी आई दररोज सकाळी मला तांब्याच्या भांड्यातलं पाणी द्यायची, आणि ते चांगलंच आहे असं आम्हीही मानायचो. कुणाच्या डोक्यात येईल? कुठल्या पुण्याच्या डॉक्टरला हे विचारायचं सुचेल? मी कनेक्शन तोडलं, खोलीतल्याच फोनचा रिसीव्हर उचलून त्याच्या हातात दिला. “कारखान्यात लावा. कुणाला तरी घरी पाठवा. आत्ताच्या आत्ता.”

फोन लागला हे नशीब. कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्याचा दोस्त होता. लाइन खरखरत होती म्हणून हा जीव तोडून ओरडत होता, “सायकल काढ आन् माझ्या घरी जा! म्हनावं तांब्या उचला! आरं तांब्या, तांब्या! पिंप बी वत! पोरीला त्यातलं थेंबभर देऊ नगा! का ते मागनं सांगतो!”

आता ऑफिसचा आणि आमचा फोन एकच. सर त्या दिवशी नेमके जेवून लवकर आले होते, त्यांनी केबिनमधला रिसीव्हर उचलला आणि त्यांच्या कानात हा सगळा तांब्या गेला. दोन मिनिटांत ते दारात. त्यांनी सवयीने आधी स्टँड बघितलं. एक जोड, माझा. मग रजिस्टर. एक नाव, माझं. आणि आत खाकी कपड्यातला अनवाणी माणूस, कॉलेजचा रिसीव्हर छातीशी धरून उभा.

“हे कोण? आणि यांची पादत्राणं कुठे आहेत?”

मी वाकून खोकं ओढलं आणि बूट बाहेर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले.

सरांचा आवाज चढला. नियम, शिस्त, सरकारी फोन, बाहेरचा माणूस. तो बिचारा हात जोडायला लागला. “सायेब, मॅडमची चूक न्हाई, मीच...” मला तो हात जोडतोय हेच सहन होईना.

“तुम्ही थांबा हो,” मी त्याला म्हटलं. “सर, नियम मी मोडला. पण दिवाळीनंतर हाच माणूस हीच चिठ्ठी घेऊन याच दारात आला होता, तेव्हा मी नियम पाळला होता. मी दार लावलं. एसीची हवा जाते म्हणून. तेव्हापासून आजपर्यंत याची मुलगी रोज सकाळी विष पीत होती आणि त्याचं उत्तर त्या कोपऱ्यातल्या डब्यात होतं. आता मला काढायचं तर काढा. पण मी पुन्हा दार लावणार नाही.”

सरांनी बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, “आधी यांना एसटी गाठू द्या. नंतर लेखी अर्ज द्या.”

लेखी अर्ज! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दिला. त्यातली मागणी एका ओळीची होती, बाहेरच्या गरजूंना इंटरनेट वापरू द्यावं. तो ‘बाहेरच्यांमुळे व्हायरस येईल’ म्हणून परत आला. मी दुसरा दिला, त्यांनी फ्लॉपी आणायचीच नाही असं लिहून. तो ‘नको ते बघतील’ म्हणून परत. मी लिहिलं, मशीनला चित्रच दिसत नाही, नको ते बघणार कसं? तिसरा ‘जबाबदारी कुणाची’ म्हणून परत आला. चौथ्यावर मी मोठ्या अक्षरात ‘माझी’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. ऑफिसातले म्हणाले, बाई हट्टाला पेटलीय. पेटलेच होते. पाचवा अर्ज मी सरांच्या टेबलावर ठेवला आणि समोर उभीच राहिले. म्हटलं, आज उत्तर घेतल्याशिवाय हलायची नाही.

सरांनी पेन उघडलं. “दर बुधवारी, दोन ते तीन. एका वेळी एकच. नाव रजिस्टरात, चपला स्टँडवर. खोक्यात नाही.” शेवटचं बोलताना ते हसले की काय, मला अजून कळलेलं नाही. मी कॉम्प्युटरवर पाहुण्यांसाठी वेगळं खातं काढलं, म्हणजे कॉलेजच्या फायलींना धक्का नको, आणि गेटवर पाटी लावली.

पहिल्या बुधवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या बुधवारी फिटरची बायको आली. तिच्याबरोबर मुलगी. पाटीची बातमी नवऱ्यानेच तिला दिली होती, पण त्याची पाळी होती म्हणून पोरीला घेऊन ती एकटीच निघाली. पदर खोचलेला, खांद्याला पिशवी. तांब्याचा फोन झाला त्याच आठवड्यात नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना ते कडं दिसलं होतं, पुण्याला निदान पक्कं झालं होतं, औषध सुरू होऊन महिना झाला होता. पोरीचे हात पुढे वर्षभरात बरेच थांबले. चमचा धरता येऊ लागला, अक्षर वाचता येण्याइतकं आलं. फळ्यावरचं ते अक्षर मात्र परत आलं नाही. त्या दिवशी तर सगळं तसंच होतं. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

बाई आत आली, खुर्चीत नीट बसली आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “ह्यांना पैल्यांदा माघारी लावलं त्या तुमीच व्हय?”

“हो. मीच.”

“तवा बसू दिलं आसतं तर?”

“तर दोन महिने आधी कळलं असतं,” मी म्हटलं. “माझी चूक आहे. मोठी चूक आहे.”

तिने मान हलवली. रागावली नव्हती, आणि तेच फार वाईट होतं. “तुमी दोन म्हैने,” ती म्हणाली. “मी दोन वर्सं पाजलं. न्हाई म्हनायची ती, कडू लागतं म्हनायची. मी दरडावून पाजायचे.”

बाहेर मुलीने हे ऐकलं असावं. तिने तोंड वळवलं.

मी विचारलं, “त्या बाईला काही लिहायचं का?”

“त्यासाठीच आले. तिला इचारा, तिच्या पोराचं हात किती दिसांनी थांबलं.”

मी लिहिलं.

“आन् औषदानं मळमळतं, तर जेवायच्या आदी द्यायचं का मागनं.”

तेही लिहिलं. “आणखी काही?”

तिने पडद्याकडे बघितलं. त्यातली अक्षरं तिला वाचता येत नव्हती. मग पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी वाकली. “तिच्या घरी तांब्याचं नळ हुतं म्हनली ना ती? मग तिला इचारा, तिला बी वाटतं का, की आपनच केलं म्हून?”

माझ्या इंग्रजीत ते कसं मांडावं कळेना. मी दोनदा खोडलं आणि शेवटी तिने म्हटलं तसंच शब्दाला शब्द लिहून पाठवलं.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली. उत्तर आलं होतं. हातांना सात-आठ महिने लागले, धीर धरा. गोळी रिकाम्या पोटीच द्यायची, मळमळलं तरी. फार झालं तर डॉक्टरांना विचारा. आणि तिसऱ्या प्रश्नाच्या पुढे एकच शब्द होता.

“काय म्हनती?” तिने विचारलं.

मी सांगितलं, “म्हणते, रोज.”